वचन सातबाऱ्यावर चढावे

(देवगाव रंगारी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

२०२१ च्या मार्च महिन्यात गौताळा अभयारण्यात बसवलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात वाघ दिसल्याला कित्येक दशके उलटली होती. अंगावरच्या पट्ट्यांवरून वन खात्याने त्याची ओळख पटवली, तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. तीनशे किलोमीटरहून लांबून चालत आलेला. त्याच्या आधी दोन वर्षे टिपेश्वरचाच दुसरा एक तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, तेलंगणात शिरून परत फिरला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. त्याची चाल कॉलरच्या नोंदीनुसार ३,००० किलोमीटरहून जास्त भरली.

टिपेश्वर सरकारी, ज्ञानगंगा सरकारी, गौताळाही सरकारी. पण या ठिपक्यांमधली जमीन कोणाची? ती कापसाची, तुरीची, मक्याची. नाल्याच्या काठावरच्या बाभळी, बांधावरचे लिंब, मुरमाड बरडावरचे पळस आणि हिवर हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या गट नंबरात मोडते. १९८६ साली अधिसूचित झालेल्या गौताळ्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. डोंगर उतरून देवगाव रंगारीच्या बाजूला यायला लागले की सरकारी जंगल संपते आणि खातेदारांची नावे सुरू होतात. पाणी मुरते, पाखरे घरटी करतात, लांडगा पिल्ले वाढवतो, ते बरेचसे या नावांच्या भरवशावर.

आजचा विषय या नावांचा आहे. एखाद्या शेतकऱ्याला वाटले की आपला नालाकाठ, आपला दोन एकरांचा माळ, आपली जुनी झाडे आपल्या माघारीही तशीच राहावीत, तर त्याने काय करावे? जमीन विकायची नाही, सरकारला द्यायची नाही, मुलांना बेदखल करायचे नाही. एवढेच हवे की पुढे ती कोणाच्याही नावावर गेली तरी तिथे मुरूम खणला जाऊ नये, प्लॉट पडू नयेत. ही इच्छा विचित्र नाही. मराठवाड्यात अशी माणसे गावोगाव भेटतात. मात्र त्यांची इच्छा ज्यात ओतावी असा कायद्याचा साचा भारतात आजही नाही, आणि तो असायला हवा हे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

दुसऱ्याच्या जमिनीवरचा मर्यादित हक्क ही गोष्ट देवगावकरांना समजावून सांगायची गरज नाही. शेतरस्त्याचे एक तरी भांडण ज्या घरात झाले नाही असे घर या पंचक्रोशीत शोधावे लागेल. वरच्या शेतातून खालच्या शेतात बैलगाडी न्यायची वहिवाट, सामाईक विहिरीतला चार आणे हिस्सा आणि पाण्याची पाळी, शेजाऱ्याच्या बांधाकडेने नेलेली पाइपलाइन. जमीन एकाची, तिच्यावर दुसऱ्याचा छोटासा पण पक्का हक्क. कायद्यात याला सुविधाधिकार म्हणतात आणि त्याचा कायदा १८८२ चा आहे. वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेली वाट कायद्याने मिळते, ती याच कायद्यामुळे. शेत विकले गेले तरी वाट जात नाही. नवा मालक आला की तोही तिला बांधलेला असतो.

सातबारा उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. मालकाचे नाव मोठ्या अपूर्वाईने वाचले जाते, पण जमिनीचा खरा इतिहास पुष्कळदा या रकान्यात सापडतो. सोसायटीचा बोजा, बँकेचे तारण, विहिरीतला हिस्सा, काही जुन्या उताऱ्यांवर तर बहिणींची नावे, आणि प्रत्येक ओळीशेजारी गोल केलेला फेरफार क्रमांक. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते रुंद करण्याचा आणि त्यांची नोंद याच रकान्यात घेण्याचा निर्णय काढला. म्हणजे दुसऱ्याला जाऊ देण्याचे बंधन सातबाऱ्यावर चढते. बँकेच्या कर्जाचे बंधन चढते. ‘इथे खणणार नाही, हे मोडणार नाही’ असे मालकाने स्वतःहून घातलेले बंधन मात्र चढत नाही.

अमेरिकेत ते चढते. तिथे त्याला कन्झर्व्हेशन ईझमेंट, म्हणजे संवर्धनासाठीचा सुविधाधिकार म्हणतात. त्याची कल्पना सोपी आहे. जमिनीची मालकी ही एक अखंड वस्तू नसून हक्कांची मोळी आहे: कसण्याचा हक्क, विकण्याचा, वारसांना देण्याचा, खणण्याचा, बांधण्याचा. मालक या मोळीतली एक-दोन लाकडे, समजा बांधकामाचा आणि खाणीचा हक्क, काढून एखाद्या न्यासाला कायमची देतो. न्यास ते हक्क वापरत नाही, दुसऱ्या कोणालाही वापरू देत नाही. बाकीची मोळी मालकाकडेच राहते. तो शेती करतो, घरात राहतो, जमीन विकतोसुद्धा. नव्या मालकाला उरलेली मोळीच मिळते. दस्त नोंदवताना जमिनीची त्या दिवशीची स्थिती नकाशे आणि छायाचित्रांसह लिहून ठेवतात. झाडोरा कुठवर आहे, ओढ्याचा काठ कसा आहे, विहीर कुठे, गोठा कुठे, सगळे. मग न्यासाचा माणूस साधारण वर्षातून एकदा येऊन फिरून पाहतो. मोडतोड दिसली की आधी बोलणी होतात आणि गरज पडली तर न्यायालय.

या व्यवस्थेला तिथे मोठा इतिहास आहे. जमिनी सांभाळणारा पहिला न्यास मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने उभा राहिला. पुढे १९८१ मध्ये सुविधाधिकाराच्या कायद्याचा एक समान नमुना तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो किंवा त्यासारखा कायदा केला. प्रसाराचे खरे कारण मात्र आयकर. समजा, एखादी जमीन प्लॉट पाडले तर वीस लाखांची आणि शेतीच राहिली तर आठ लाखांची आहे. बांधकामाचा हक्क सोडणाऱ्या मालकाने बारा लाखांचे दान केले असे तिथला कायदा मानतो आणि तेवढी सूट देतो. जिथे सूट असते तिथे लबाडीही येते. गुंतवणूकदारांची टोळी स्वस्तात जमीन घ्यायची, तिची किंमत फुगवून दाखवायची आणि दान केल्याची सूट वाटून घ्यायची, असा धंदाच सुरू झाला. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने त्याला लगाम घातला. कल्पना परदेशातून घ्यायची तर तिच्या या खोडीही माहीत असायला हव्यात.

चिलीने २०१६ मध्ये संवर्धनाचा असा स्वतंत्र वास्तव हक्क कायद्याने निर्माण केला. इंग्लंडने २०२१ च्या पर्यावरण कायद्यात तशी तरतूद आणली. भारतात ती का नाही, याचे उत्तर १८८२ च्या त्याच कायद्यात आहे. आपल्या सुविधाधिकाराला दोन जमिनी लागतात, एक लाभ घेणारी आणि एक भार सोसणारी. माझ्या शेताला वाट हवी म्हणून तुमच्या शेतावर वाटेचा भार. हा भार काही न करण्याचाही असू शकतो, कायदा तसे स्पष्ट म्हणतो. पण ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही तिला हा हक्क धरता येत नाही. पाखरांच्या नावाने किंवा पुढच्या पिढीच्या नावाने तर नाहीच नाही.

दुसरी वाट मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातून जाते आणि तिची गोष्ट लंडनमधली आहे. टल्क नावाच्या मालकाने १८०८ मध्ये लेस्टर चौकातली बाग विकताना खरेदीदाराकडून लिहून घेतले की ही बाग बागच ठेवायची. बाग हातोहात विकली जात मॉक्सेच्या ताब्यात आली. त्याला तिथे बांधकाम करायचे होते. मी कुठे वचन दिले, असे त्याचे म्हणणे. १८४८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वचन ठाऊक असताना जमीन घेतली, तर ते पाळावेच लागेल. चौकातली बाग आजही आहे. हे तत्त्व आपल्या १८८२ च्या हस्तांतरण कायद्याच्या ४० व्या कलमात उतरले, पण तिथेही वचन घेणाऱ्याची स्वतःची जमीन असावी आणि तिला फायदा व्हावा ही अट आहेच.

मालकाच्या इच्छेचा साचा नाही म्हणून महाराष्ट्रात खासगी जमिनीवर निर्बंध आलेच नाहीत, असे नाही. ते भरपूर आले, मालकाला न विचारता आले, आणि त्याचे फळ काय मिळाले ते सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पाहायला मिळते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गोदावरीपलीकडचा नेवासा तालुकाही त्यात होता, म्हणजे गंगापूरच्या शेतकऱ्याला नदीच्या पैलतीरावर अभयारण्य दिसत होते. एवढ्या क्षेत्रातली बहुतेक जमीन खासगी होती. खरेदी-विक्री अडली, बांधकामाच्या परवानग्या अडल्या, आणि माळढोक म्हणजे आपल्या मानेवरचे जोखड अशी शेतकऱ्यांची भावना झाली. ज्या माळावर हा पक्षी जगायचा तो माळ लोकांनी नांगरला, पाणी आले तिथे ऊस लावला. शेवटी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते.

कोकणातली जखम वेगळी आहे. खासगी वने संपादन कायद्याखाली ३० ऑगस्ट १९७५ या एका दिवशी राज्यातली खासगी वने सरकारजमा झाली. पुढे छोट्या खातेदारांसाठी काही सवलत आली, पण कित्येक उताऱ्यांवर ‘वन’ हा शब्द अर्धवट चौकशीनिशी लटकत राहिला. मुंबईतल्या विक्रोळीच्या जमिनीचा याच कायद्याखालचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ पर्यंत चालला. खेडेगावातल्या मालकाने यातून जो धडा घेतला तो साधा होता: जमिनीवर झाडे दिसू देऊ नका, नाहीतर सरकार नेईल. जंगल राखणाऱ्याला भीती आणि तोडणाऱ्याला निर्धास्तपणा, अशी ही उलटी व्यवस्था. तीत जंगल टिकले नाही याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आणि तरीही महाराष्ट्रात या विषयातले सर्वांत चांगले काम कोकणातच झाले. रत्नागिरी जिल्ह्यात वन खात्याच्या मालकीचे जंगल नगण्य. हिरवे दिसते ते जवळजवळ सगळे खासगी. संगमेश्वर तालुक्यात डोंगरउतारांवरचे जंगल ठरावीक वर्षांनी ठेकेदाराला विकण्याची रीत आहे. ठेकेदार येतो, सगळे सपाट करून जळाऊ लाकूड नि कोळसा नेतो, मालकांना एकरी किरकोळ रक्कम मिळते, आणि मग जंगल पुन्हा वाढायची वाट पाहायची. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तिथे देवरायांच्या अभ्यासासाठी गेली. डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या लक्षात आले की देवराई वाचवायची तर तिच्या भोवतीचे खासगी रानही वाचले पाहिजे. त्यांनी मालकांशी संवर्धन करार करायला सुरुवात केली. ठरावीक वर्षे जंगल तोडायचे नाही, मालकी तुमचीच, वाळले लाकूड आणि रानमेवा तुमचाच, आणि त्याबदल्यात मोबदला किंवा गावाच्या गरजेची एखादी गोष्ट.

त्या करारातले एक झाड जवळून पाहण्यासारखे आहे. बेहडा. जुना बेहडा सरळ उंच जातो, त्याच्या खोडात ढोली पडते, आणि त्या ढोलीत धनेश घरटे करतो. मादी आत शिरते आणि चिखल-विष्ठेने ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर फळे आणून त्या फटीतून तिला आणि नंतर पिल्लाला भरवतो. या काळात झाडावर कुऱ्हाड पडली तर सगळे कुटुंब संपते. ठेकेदाराच्या लेखी हा बेहडा म्हणजे मोठे जळाऊ खोड, बाकी काही नाही. संस्थेने बेहड्याच्या फळाला बाजार शोधला. हिरडा आणि बेहडा ही त्रिफळ्यातली दोन फळे. ती झाडाला आणि पाखरांना धक्का न लावता गोळा केली आहेत याची हमी देणारे ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून ती इंग्लंडच्या पुक्का हर्ब्स कंपनीपर्यंत गेली. भीमाशंकर परिसरातले महादेव कोळी गोळा करणारेही या कामात जोडले गेले. दरवर्षी फळ देणारे झाड एकदाच जळणाऱ्या लाकडापेक्षा मालकाला मोलाचे ठरले.

हे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी आदर बाळगूनच त्यातली उणीव सांगितली पाहिजे. करार माणसाला बांधतो, जमिनीला बांधत नाही. कोकणातल्या एका सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदार असणे नित्याचे, त्यातले अर्धे मुंबईला. ज्याने सही केली तो वारला, त्याच्या मुलाने हिस्सा विकला, तर नवा मालक पहिल्या दिवशी करवत लावू शकतो. कराराची मुदत संपली की सगळी बोलणी पहिल्यापासून. वर्षानुवर्षांचा विश्वास एका खरेदीखताने पुसला जाऊ शकतो, आणि त्याविरुद्ध संस्थेकडे विनवणीपलीकडे फारसे काही नसते.

हिवरे बाजारने वेगळ्या जागी गाठ मारली. १९९० च्या आसपास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी स्वीकारली ते सर्वांना ठाऊक आहे. तिथली दोन बंधने मात्र थेट खासगी मालकीला हात घालतात: शेतीसाठी बोअर पाडायचे नाही आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. दोन्ही बंधने ग्रामसभेच्या ठरावावर आणि गावाच्या धाकावर उभी आहेत. कोण्या खातेदाराने हट्टाने बाहेरच्याला विकलेच, तर खरेदीखत रद्द ठरवायला हा ठराव पुरेल, असे कोणी वकील छातीठोकपणे सांगणार नाही. तरी तीन दशकांहून अधिक काळ तो पाळला गेला आहे. गाव एकमुखी असेल आणि नेतृत्व टिकून असेल तर कायद्यावाचूनही भागते. पण या दोन अटी किती गावे पुऱ्या करतील?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा आणखी पुढे गेले. शंभराच्या आसपास घरांचे हे गोंड गाव १,८०० हेक्टरांच्या सामूहिक वनहक्कासाठी ओळखले जाते. तो हक्क २००९ मध्ये मिळाला. त्यानंतर २०१३ मध्ये देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी आपल्या खासगी शेतजमिनीही १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केल्या. मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाच्या रूपाने या विचाराला अनेक वर्षे साथ दिली होती. ग्रामदानात नेमके काय होते ते नीट पाहावे. जमीन गावाची होते, पण कसणारा कसतच राहतो, त्याच्यामागे त्याचे वारस कसतात. भूमिहीनांसाठी एक छोटा हिस्सा निघतो. आणि बाहेरच्याला विकण्याचा हक्क संपतो. मोळीतले एकच लाकूड गावाच्या हाती जाते. अमेरिकेतला कायदा जे एका मालकापुरते करतो ते महाराष्ट्राचा कायदा सबंध गावापुरते, सहा दशकांपासून, करू देतो.

याचा उगम देवगाव रंगारीला परका नाही. विनोबांना भूदानाची पहिली शंभर एकर जमीन १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत मिळाली. पोचमपल्ली तेव्हा हैदराबाद राज्यात होती आणि औरंगाबाद जिल्हाही. १९५६ पर्यंत दोन्ही गावांचा कारभार एकाच राजधानीतून चालत असे. भूदानाची चेष्टा करणे आज सोपे झाले आहे आणि पडीक, वादग्रस्त जमिनी दानात आल्या हे खरेही आहे. पण मालकाने आपल्या हक्कातला काही भाग राजीखुशीने सोडावा आणि कायद्याने ते सोडणे टिकवून धरावे, हा विचार भारतात एका मराठी माणसाने पायी फिरून रुजवला. तो आज विलायती नमुना म्हणून परत येतो आहे.

मराठवाड्याच्या महसुली दप्तरात तर याहून जुना नमुना आहे. देवळाच्या दिवाबत्तीसाठी, दर्ग्याच्या सेवेसाठी निजामी अमलात दिलेल्या खिदमतमाश जमिनी. सेवा करणाऱ्याने त्या कसायच्या, उत्पन्न खायचे, पण विकायच्या नाहीत. भोगवटादार वर्ग दोनचा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर राहिला आणि कित्येक गावांत देवाच्या जमिनीवरची जुनी झाडे, बारवा आणि पडीक तुकडे त्या शिक्क्यामुळेच राहिले. अर्थात त्यातही भरपूर गैरव्यवहार झाले. २०२४ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातल्या इनाम जमिनी नजराणा भरून वर्ग एक करण्याचा निर्णय घेतला. अडकलेल्या घरांना आणि छोट्या खरेदीदारांना त्यातून न्याय मिळेल, हे मान्य करावे लागते. पण सरकारने घातलेले बंधन सरकार पैसे घेऊन उठवू शकते, हेही त्याच निर्णयातून दिसते. मालकाने स्वतः घातलेले आणि तिसऱ्याच्या हाती सोपवलेले बंधन असे उठवता येत नाही.

सध्याच्या कायद्यात या विचाराच्या सर्वांत जवळ येते ती वन्यजीव संरक्षण कायद्यातली २००२ च्या दुरुस्तीने आलेली सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद. समाजाने किंवा एकट्या व्यक्तीनेही स्वेच्छेने पुढे यावे आणि राज्याने तिची खासगी जमीन राखीव म्हणून जाहीर करावी. त्यानंतर तिथला जमीनवापर व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय आणि राज्याच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने खासगी जमिनीच्या समितीत मालकाला स्थान दिले, हे फार बरे झाले. मेघालयात अशी क्षेत्रे पुष्कळ आहेत, कारण तिथे जमीन कुळांची आणि समाजाची. आपल्याकडे शेतकरी त्याला बिचकतो. दोन एकरांच्या माळासाठी मंत्रालयातून अधिसूचना काढायची आणि पुढे प्रत्येक गोष्टीला राज्याची मान्यता मागायची, हे ओझे मोठे आहे. नान्नजच्या आठवणी तर आहेतच. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले, तेही सरकारी जमिनीवर. काळवीट मात्र चरायला शेजारच्या शेतांत जातात आणि तिथले नुकसान, तिथली राखण, तिथली माया सगळी शेतकऱ्याची.

मग करायचे काय? एक छोटी फट आजच्या कायद्यातही आहे, आणि वकिलांनी ती तपासून पाहावी असे मनापासून वाटते. सुविधाधिकाराला शेजारची लाभ घेणारी जमीन लागते ना? गावात अशी जमीन असते: ग्रामपंचायतीची सार्वजनिक विहीर, पाझर तलावाखालची जागा, गावठाण. वरच्या अंगाच्या मालकाने नोंदणीकृत दस्ताने लिहून द्यावे की माझ्या गटातल्या नालाकाठी मी किंवा माझ्यानंतरचा कोणी मुरूम खणणार नाही, झाडोरा काढणार नाही, जेणेकरून खालच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी टिकेल. लाभ म्हणजे काय याची व्याख्या १८८२ च्या कायद्याने उदार ठेवली आहे. दूरचा फायदा आणि नुसती सुखसोयसुद्धा तीत बसते. शिवना खोऱ्यातल्या एखाद्या गावाने असा एक दस्त करून, तो इतर अधिकारात चढवून दाखवला, तर तो महाराष्ट्राला रस्ता दाखवील.

पण फटीतून सगळ्यांना नेता येत नाही. राज्याने कायदाच केला पाहिजे, आणि तो करायला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. जमीन, जमिनीवरचे हक्क आणि शेतजमिनीचे हस्तांतरण हे विषय राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवले आहेत. कायद्यात फार थोड्या गोष्टी लागतील. बंधन फक्त मालकाच्या लेखी संमतीने यावे. ते पूर्ण गटावरच नव्हे, त्याच्या मोजणी केलेल्या तुकड्यावरही घालता यावे. मुदत मालकाने ठरवावी, तीस वर्षे किंवा कायम. आणि ते धरणारा कोण, हे स्पष्ट असावे. इथे मतभेद आहेत. काही जण नोंदणीकृत न्यासाचा आग्रह धरतात. या वक्त्याचा कल ग्रामसभा आणि न्यास या दोघांना मिळून धरू देण्याकडे आहे. एकटी ग्रामसभा निवडणुकीच्या वाऱ्याने फिरू शकते, आणि एकट्या शहरी न्यासाला गावातल्या उन्हाळ्यातली चाराटंचाई दिसत नाही.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेची करसवलत इथे निरुपयोगी आहे, कारण आपल्या शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवरही भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जो कर भरतच नाही त्याला सूट कशाची देणार? त्याला रोख द्यावे लागेल. कोस्टा रिकाने १९९६ च्या वन कायद्यानंतर इंधनावरच्या करातून खासगी जंगलमालकांना मोबदला द्यायला सुरुवात केली आणि ती योजना टिकली. महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे. यातला शेतकरी अर्धा एकर बांध आणि नालाकाठ राखतो तेव्हा तो अद्रकाच्या किंवा मक्याच्या एका पट्ट्यावर पाणी सोडतो. त्या राखलेल्या काठावर मुरलेल्या पाण्याचा उपयोग खालच्या गावांना, धरणांना आणि शेवटी शहरांना होतो. तेव्हा त्याच्या हातात दरवर्षी काही रक्कम पडणे हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे.

पिढ्यांचाही प्रश्न आहे. आजच्या बापाने उद्याच्या नातवाचे हात बांधावेत का, असे तरुण विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. मुदतीचा पर्याय ठेवण्याचे कारण तेच. मात्र एक गोष्ट त्याच तराजूत घालावी. माळ खणून मुरूम विकणारा बापही नातवाचे हात बांधतोच, फक्त त्यासाठी त्याला कोणाची परवानगी विचारावी लागत नाही. विकलेला माळ नातवाला परत घेता येत नाही. राखलेल्या माळाचे काय करायचे ते निदान तो मुदत संपल्यावर ठरवू शकतो.

उरतो खर्च. मोजणी, दस्त, मुद्रांक, नोंदणी. माळ राखायला निघालेल्या माणसाने त्यासाठी हजारो रुपये भरावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. राज्याकडे याचे उदाहरण तयार आहे. एकमेकांच्या ताब्यातल्या शेतजमिनींची अदलाबदल करून जुने वाद मिटवावेत म्हणून २०२३ मध्ये सलोखा योजना आली. तिच्यात मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये ठेवली गेली. संवर्धनाच्या दस्तालाही तेवढीच आकारणी लावायला नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. शासनाची एक अधिसूचना पुरेशी आहे, आणि ती मागणारा ठराव १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारी यांपैकी कोणत्याही ग्रामसभेत मांडता येतो.